लॉंड्रीशेजारची खोली

हॉटेलात पाहुण्याला झोप कशी लागली, हे त्याला विचारू नये. विचारलं तर तो 'छान' म्हणतो. खरं काय ते सकाळी त्याच्या गादीवरून कळतं.

गाढ झोपलेल्या माणसाची चादर मधोमध दबलेली असते आणि पायाकडं थोडी सुटलेली असते. रात्रभर कूस बदलत राहिलेल्याची चादर पिळून काढल्यासारखी होते. नवरा-बायको भांडून झोपले असतील तर पलंगाच्या दोन्ही कडा चुरगळलेल्या आणि मधली इस्त्री जशीच्या तशी. पन्हाळ्यावरच्या एका जुन्या हॉटेलात मी एकतीस वर्षं हे वाचत आले. शेवटची सोळा वर्षं हाऊसकीपिंगची मुख्य होते. गावाकडं कोणी विचारलं, की हाऊसकीपिंग म्हणजे नेमकं काय, तर मी सांगायची, दुसऱ्याचं अंथरूण घालायचं आणि काढायचं. लोक हसायचे. काम तेवढंच आहे हे खरं, पण ते करून बघावं.

आमचं हॉटेल म्हणजे दगडी बंगला. उतरती कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा, पुढच्या खोल्यांतून खाली सगळी दरी दिसते. पायथ्याच्या गावातले लोक अजून त्याला 'साहेबाचा बंगला'च म्हणतात. माझी आई तरुणपणी ह्याच आवारात गवत कापायला यायची. व्हरांड्याची पायरी तिनं कधी चढली नाही, तिला कोणी चढ म्हटलंही नाही. मी मुख्य झाले तेव्हा बावीस खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला आला. पहिल्या दिवशी घरी जाऊन मी तो तिच्या हातात दिला. तिनं तो नुसता वजन केल्यासारखा तळहातावर तोलला आणि म्हणाली, "हारवू नगंस."

लोकांना वाटतं, असल्या हॉटेलात माणसं गड बघायला येतात. काही येतातही. पण पुष्कळजण नुसते थकलेले असतात. मुंबईची एक डॉक्टरीण आली होती. तीन दिवसांचं बुकिंग, गडाची सगळी माहिती छापून आणलेली, कुठल्या वेळी कुठं जायचं ते सुद्धा लिहिलेलं. पहिल्या दुपारी जरा पडते म्हणाली ती तिसऱ्या दिवशी उठली. मधे दोनदा दार उघडून चहा आत घेतला, तेवढंच. निघताना मला म्हणाली, गड बघायचा राहिला हो, आता घरी काय सांगू. मी म्हटलं, गड कुठं जात नाही, झोप मात्र जाते. तिची चादर मी स्वतः काढली. मधोमध असा खळगा पडला होता की बघून समाधान वाटावं.

असे पाहुणे सोपे. अण्णा मगदूम सोपे नव्हते.

त्यांचं सांगण्याआधी लॉंड्रीचं सांगायला हवं. गडावर पावसाळ्याचे चार महिने धुकं उतरतं ते हलत नाही. बाहेर टाकलेली चादर आठ दिवसांत सुद्धा वाळत नाही, वर वास मारायला लागते. म्हणून हॉटेलची स्वतःची लॉंड्री होती. मागच्या बाजूला, जुन्या तबेल्यात. कपडे धुवायचं एक मोठं मशीन, वाळवायचं एक, दोन इस्त्रीची टेबलं आणि चार बायका. मशीन जुनं होतं. चालू झालं की खटक-खटक, खटक-खटक असा ठेका धरायचं आणि पिळायला लागलं की जमीन हलायची. तबेल्याच्याच एका भागात फळ्यांची भिंत घालून कोणीतरी कधीतरी खोली काढली होती. ती अकरा नंबर. बाकी सगळी दगडी भिंतीची खोली, पण लॉंड्रीकडची भिंत लाकडाची. सीझनमध्ये हॉटेल भरलं की नाइलाजानं ती खोली द्यावी लागे आणि दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या रजिस्टरात एक पान भरे.

तेव्हा नुकतेच देशमुख साहेब मॅनेजर म्हणून आले होते. पुण्याचे, तरुण, शिकलेले, आणि माणूस म्हणून चांगले. त्यांचं म्हणणं होतं, की आपल्याकडं लोक शांततेसाठी येतात आणि आपण त्यांना मशीनचा खडखडाट ऐकवतो. त्यात चूक काही नव्हतं. त्यांनी ठरवलं, की हा सीझन संपला की लॉंड्री बंद करायची, कपडे खाली कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका ठेकेदाराकडं धुवायला पाठवायचे आणि तबेल्यात आणखी दोन खोल्या काढायच्या. लॉंड्रीतल्या चौघींना हे मी सांगायचं होतं. त्यांतली शेवंता माझ्याहून जुनी. हातावर चादर घेतली की ती कुठल्या खोलीची हे डोळे मिटून सांगणारी. मी आठ दिवस रोज लॉंड्रीत जात होते आणि काही न सांगता परत येत होते.

त्यातच डिसेंबरात अण्णा आले. इचलकरंजीचे यंत्रमागवाले, वय सत्तरीच्या पुढं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, टोपी. बरोबर मुलगा, महावीर. त्यानं काउंटरवर सांगितलं, की बाबांना दहा दिवस पूर्ण आराम हवा आहे, हॉटेलातली सगळ्यात शांत खोली द्या. आम्ही तीन नंबर दिली. दरीकडची, कोपऱ्यातली, पानाची सळसळ सुद्धा ऐकू येईल अशी. घर जैन, त्यामुळे कांदा-लसूण-बटाटा नाही आणि जेवण सूर्य मावळायच्या आत, हे किचनला कळवलं. मुलगा वडिलांच्या पाया पडला, मला वेगळं गाठून 'जरा लक्ष ठेवा' म्हणाला आणि गेला. कशाकडं लक्ष ठेवायचं, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली बघितली. पलंगाला हात लागलेला नव्हता. खोचलेली चादर तशीच, फक्त एका कडेला कोणी बसून उठल्याची खूण. खुर्ची मात्र ओढून बाथरूमच्या दारात नेलेली, तिच्यावर ब्लॅंकेट. बाथरूममधला भिंतीतला पंखा चालू. छताचा पंखाही चालू, आणि बाहेर हातपाय गारठवणारी थंडी. बादलीत नळाची धार सोडलेली, बादली भरून पाणी वाहून चाललेलं. गडावर पाणी खालून चढवावं लागतं, ते वाहताना बघितलं की आम्हाला अंगाला चटका बसतो. मी नळ बंद केला, पंखे बंद केले आणि मनात म्हटलं, श्रीमंताघरचं माणूस, घरी कोण विचारणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच. मग मी माझी हुशारी दाखवली. इलेक्ट्रिशियनला बोलावून बाथरूमच्या पंख्याची वायर काढायला लावली आणि नळाचा कॉक आवळून घेतला. चांगलं काम केल्यासारखी निघून आले. आज इतक्या वर्षांनी मला माझ्या कामातल्या चुका आठवायला सांगितल्या तर ही पहिली आठवते. त्या माणसाकडं त्या खोलीत असलेली एकुलती एक गोष्ट मी काढून घेतली होती. हे मी त्यांना पुढंही कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी गडावरची वीज गेली आणि जनरेटर लागला. सकाळी वॉचमननं मला गंमत म्हणून सांगितलं, की तीन नंबरचा म्हातारा जनरेटरच्या शेडपाशी स्टुलावर बसून भिंतीला टेकून घोरत होता. दोन तास. डिझेलचा वास, धूर, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि हा माणूस गाढ झोपलेला. वीज आली, जनरेटर बंद केला, तसा दचकून उठला आणि शाल आवरून खोलीत गेला.

वॉचमन हसत होता. मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात तेव्हा एकदम इचलकरंजी आली.

लग्न झाल्यावर मी दोन वर्षं इचलकरंजीत काढली होती. माझे यजमान मागावर कामाला होते. आमची खोली मागाच्या शेडला भिंतीनं लागून. पहिला महिनाभर मला वाटायचं, डोकं फुटेल. दिवसपाळी, रात्रपाळी, माग थांबतच नाहीत. मग ते कधी ऐकू यायचं बंद झालं ते कळलंच नाही. माझा मोठा मुलगा तिथंच झाला. रात्री वीज गेली की सगळ्या शेडमधले माग एकदम थांबायचे आणि त्याबरोबर गल्लीतली सगळी तान्ही पोरं रडत उठायची. बायका अंधारात पोरं थोपटत बसायच्या. वीज आली, माग सुरू झाले, की पोरं आपोआप गप्प.

मी चहाचा कप घेऊन तीन नंबरला गेले. अण्णा व्हरांड्यात दरीकडं तोंड करून बसले होते. डोळे लाल, खाली काळी वर्तुळं, कप धरताना हात कापत होता. मी सरळ विचारलं, की घर मागाच्या वर आहे का?

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "व्हतं. बारा माग खाली आन् वर आम्ही. पंधरा वर्षांचा व्हतो तवापासनं त्याच्यावर झोपत आलोय."

मग हळूहळू सगळं निघालं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. ते दुःख त्यांनी सोसलं, कारण खाली माग चालू होते. मग मुलानं गावाबाहेर मोठी शेड घातली, नवी मशिनं आणली. धंद्याच्या दृष्टीनं योग्यच केलं, हे अण्णाच मला दोनदा म्हणाले. जुने माग भंगारात गेले. खाली फरशी बसवली. "तिथं आता गाडी उभी असतीया," ते म्हणाले. "गाडी काय बोलत न्हाय."

पाच महिने झाले होते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी झोप यायची नाही, नुसती गुंगी यायची, आणि गुंगीत ते काहीबाही बोलायचे. एकदा स्कूटरवर डुलकी लागून पडले. तेव्हापासून किल्ली काढून घेतली. घरात आता त्यांना कुठल्या तरी दवाखान्यात ठेवायचं बोलणं चाललं होतं. त्याआधी शेवटचा उपाय म्हणून डोंगरावरची हवा आणि शांतता.

"मुलाला सांगितलं नाहीत?" मी म्हटलं.

"त्यानं सुखासाठीच केलंय की, अक्का. त्याला कसं सांगू, तुझ्या सुखानंच माझी झोप उडाली म्हणून?"

मी त्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर, एक गोष्ट दाखवते. आणि मागच्या बाजूला लॉंड्रीत घेऊन आले. मशीन चालू होतं. दारातच ते थांबले. मान एका बाजूला कलली, जसं कोणी ओळखीचं हाक मारावं तसं. मग आत येऊन भिंतीशी रचलेल्या धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याकडं बोट करून म्हणाले, "जरा टेकू का हितं?"

टेकले. चार-पाच मिनिटं मशीनकडं बघत होते. मग टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि बोलता बोलता त्यांची मान खाली गेली. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

चौघी बायका माझ्याकडं बघत होत्या. मी खुणेनंच त्यांना काम चालू ठेवायला सांगितलं. शेवंतानं एक रजई आणून त्यांच्या अंगावर घातली. कपड्यांचा एक घाणा संपून मशीन थांबलं तसे ते चाळवले, हात हवेत काहीतरी चाचपू लागला. शेवंताच्या ते लगेच ध्यानात आलं. तिनं वाळवायचं मशीन चालू केलं आणि मग सावकाश धुवायच्या मशीनमध्ये पुढचा घाणा भरला. त्यानंतर तिनं दुपारभर एकही खंड पडू दिला नाही. एक बंद व्हायच्या आत दुसरं चालू. अण्णा साडेतीनला उठले. तोंड धुतलं, पाणी प्यायले आणि बायकांना म्हणाले, की तुमचं काम अडवलं, माफ करा. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली म्हणून किचनकडं गेले.

आता खरा प्रश्न होता. दिवसा चार तास झोपून माणूस उभा राहतो, पण बरा होत नाही. मी देशमुख साहेबांकडं गेले आणि म्हटलं, तीन नंबरच्या पाहुण्यांना अकरा नंबर द्यायची आहे आणि लॉंड्री सहा रात्री चालू ठेवायची आहे.

त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन फिरवत राहिले. म्हणाले, "कांबळेबाई, त्या खोलीबद्दल आपण लोकांची माफी मागतो. तीच खोली एका आजारी माणसाला मुद्दाम द्यायची? उद्या त्यांचा मुलगा माझ्यावर ओरडला तर?"

मी म्हटलं, ओरडला तर माझं नाव सांगा. शिवाय त्या आठवड्यात एका लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं, चादरी-टॉवेल दुप्पट लागणारच होते. आणि रात्रीच्या वेळी मागच्या बाजूला अकरा नंबरशिवाय दुसरी खोलीच नाही, कोणाला त्रास व्हायचा प्रश्न नव्हता. शेवटी ते एका अटीवर तयार झाले, की पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, की ही खोली मी मागून घेतली. अण्णांनी ते तिथल्या तिथं लिहून दिलं आणि खाली सही ठोकली.

राहिल्या लॉंड्रीतल्या बायका. त्यांना रात्रपाळी करा म्हणायला गेले आणि मला वाटलं, आता लपवून मागणं बरं नव्हे. लॉंड्री बंद होणार आहे हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. चौघींचे हात थांबले. मशीन तेवढं चालू होतं.

मग शेवंता म्हणाली, "म्हंजे बंद व्हायच्या आधी रात्रपाळी बी करायची."

तिनं गठ्ठ्यातली पुढची चादर ओढली.

"आन् म्हातारा झोपला म्हणून लॉंड्री ऱ्हाईल, आसं काय हाय का?"

मी खरं तेच सांगितलं, की तसं काही नाही, कबूल कोणी काही केलेलं नाही.

ती चादरीची घडी घालत राहिली. चार कोपरे जुळवून झाल्यावर म्हणाली, "चार तास झोपला तर तोंडावर किती तेज आलं, बघितलं की मी. असूंदे. झोपूदे त्याला." आणि बाकीच्या तिघींना विचारायची गरज उरली नाही. दोघी-दोघींनी रात्री वाटून घेतल्या. एक रात्र मीही त्यांच्यात होते.

त्या रात्रींचं सांगण्यासारखं काही नाही. मशीन चालू होतं आणि माणूस झोपलेला होता. वऱ्हाडाचे कपडे संपले की आम्ही ब्लॅंकेटं काढली, ती संपल्यावर पडदे. गेल्या दोन वर्षांत ज्यांना पाणी लागलं नव्हतं ते बंगल्यातले सगळे पडदे त्या आठवड्यात धुतले गेले. पुढच्या दिवाणखान्यातले पडदे हिरवे आहेत, हे देशमुख साहेबांना तेव्हा कळलं.

आणि मी रोज सकाळी अकरा नंबरची गादी बघायला जायची. पहिल्या सकाळी चादर मधोमध दबलेली. दुसऱ्या सकाळी पायाकडं सुटलेली. तिसऱ्या सकाळी उशी खाली पडलेली आणि रजई अर्धी जमिनीवर, लहान मुलाच्या अंथरुणासारखी. मी ती तशीच थोडा वेळ बघत उभी राहिले. मग आवरायला घेतली.

अकरा नंबरमधल्या पाचव्या दिवशी अण्णा टोपी घालून, बाह्या वर करून लॉंड्रीत आले. हाताचा कंप गेला होता. म्हणाले, मशीनचा पट्टा सरकतो आहे, पहाटेपासून ऐकतोय, उद्यापर्यंत तुटेल. आम्हाला कोणालाच काही वेगळं ऐकू येत नव्हतं. मागचं झाकण काढून बघितलं तर पट्टा खरोखरच एका कडेला झिजून दोऱ्यावर आला होता. दुसऱ्या दिवशी लग्न. कोल्हापुरातून मेकॅनिक यायचा म्हणजे दोन-तीन दिवस. अण्णांनी जनरेटरवाल्याचे पाने मागवले, ड्रायव्हरला यादी देऊन खालून पट्टा आणवला आणि स्वतः जमिनीवर बसून तो चढवला. शेवंता टॉर्च धरून होती. तिला ते प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होते. पुढं तिनं त्या मशीनसाठी मेकॅनिकची वाट कधी बघितली नाही.

त्या दुपारी त्यांनी अकरा नंबरचं तक्रारीचं रजिस्टर मागवून घेतलं. त्यात त्यांनी लिहिलं: 'मशीनचा आवाज चांगला आहे. पट्टा सैल होता, तो बसवून दिला आहे. झोप लागते.' त्या रजिस्टरातली ती पहिली न-तक्रार.

दहाव्या दिवशी महावीर वडिलांना न्यायला आला. सकाळचे दहा वाजले असतील. तीन नंबर रिकामी बघून तो घाबरला. मी त्याला मागच्या बाजूला घेऊन आले. अकरा नंबरचं दार लोटलेलं होतं. आत अण्णा न्याहारी करून पुन्हा आडवे झाले होते आणि तोंड उघडं टाकून झोपले होते. फळीच्या भिंतीपलीकडं मशीन पिळण्यावर आलं होतं, टेबलावरचा पेला थरथरत होता.

महावीर दारातच थिजला. मग माझ्याकडं वळून दबक्या आवाजात, पण चांगलाच चिडून म्हणाला, की बाबा किती महिन्यांनी झोपलेत, आधी ते मशीन बंद करायला सांगा.

मी म्हटलं, बंद केलं तर उठतील. त्याचा विश्वास बसला नाही, आणि कसा बसावा. तेवढ्यात घाणा संपला. शेवंताला आम्ही आल्याचं माहीत नव्हतं, ती कपडे वाळत घालायला बाहेर गेली होती. मशीन दोन आचके देऊन थांबलं. सगळीकडं सामसूम झाली.

अण्णांनी डोळे उघडले. छताकडं बघत म्हणाले, "काय झालं? लाईट गेली काय?"

महावीरला सगळं कळायला मग माझ्या दोन वाक्यांपलीकडं काही लागलं नाही. तो खोलीबाहेरच्या पायरीवर बसला. म्हणाला, "मला वाटायचं, जल्मभर बिचाऱ्यांनी त्यो आवाज सोसला. आता तरी निवांत झोपूदेत म्हणून मी…" अण्णा आतून चप्पल घालत बाहेर आले आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. आपण तिथं थांबू नये, हे हॉटेलात काम करून कळतं. मी लॉंड्रीत निघून गेले.

देशमुख साहेबांनी ते रजिस्टर मालकांना दाखवलं. पडद्यांमुळे, लग्नामुळे, की त्या तीन ओळींमुळे, ते मला माहीत नाही, पण लॉंड्री बंद झाली नाही. मालकांचा निरोप आला त्या दिवशी शेवंतानं इस्त्रीच्या टेबलावर पेढे ठेवले आणि कोणाला न सांगता कामाला लागली. चौघींपैकी तिघी अजून तिथं आहेत. आणि अकरा नंबरला पुढं पाहुणे मिळू लागले, अण्णांनी सांगितल्यावरून आलेले. हुपरीचा एक पिठाची गिरणी चालवलेला म्हातारा यायचा, सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक सुपरवायझर जोडीनं यायचे. साहेब फोनवर अगदी गंभीरपणे सांगायचे, की ती खोली सीझनमध्ये आधी कळवल्याशिवाय मिळणार नाही.

अण्णा मात्र परत कधी आले नाहीत. महावीरनं कुठल्या तरी बंद पडलेल्या शेडमधून दोन जुने माग शोधून आणले, घराखालची फरशी उखडून ते बसवले, आणि गाडी रस्त्यावर लावायला सुरुवात केली. साहेब मला चिडवायचे, की कांबळेबाई, तुम्ही एक चांगलं गिऱ्हाईक कायमचं घालवलंत. मी म्हणायची, व्हय, घालवलं.

वर्षभरानं इचलकरंजीहून माझ्या नावानं एक पार्सल आलं. आत पांढऱ्या शुभ्र कापडाचा अख्खा तागा, चादरीचं कापड, घट्ट विणीचं. चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. लॉंड्रीतल्या चौघी जमल्या. आम्ही तो टेबलावर उलगडला आणि सवयीनं मी तळहात फिरवत शेवटपर्यंत गेले. सुंदर कापड होतं. पण एका जागी माझा हात अडला. मी पुन्हा फिरवला. मग खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

संध्याकाळी फोन लावला. पलीकडं अण्णांच्या आवाजामागं माग चालल्याचं ऐकू येत होतं, त्यामुळे दोघांनाही मोठ्यानं बोलावं लागत होतं. मी आधी आभार मानले, कापडाचं कौतुक केलं. मग म्हटलं, अण्णा, रागावू नका, पण आठव्या वारापाशी एक दोरा तुटलेला आहे.

अण्णा जोरात हसले.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "तुला सापडतोय का न्हाय, ते बघत हुतो."